समुद्र आणि रस्ता यांच्या मधली जागा: आईला कुठं बसवू?

संध्यामठ
आई शहात्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. घरात वॉकर, बाहेर काठी आणि माझा हात. रोज संध्याकाळी रंकाळा तलावावर नेते, दगडी कठड्यावर अर्धा तास बसते. परवा तिथंच म्हणाली, "एकदा खारं पाणी बघायचं होतं गं."

१९७१ साली, लग्नानंतर दोन महिन्यांनी, आई-बाबा एसटीनं गगनबावड्यावरून मालवणला गेले होते. किल्ला तिला फारसा आठवत नाही. आठवतो तो बावड्याच्या स्टँडवर धुक्यात हातात धरलेला चहाचा ग्लास. आणि साडीच्या निऱ्यांत अडकून आलेली वाळू. ती इथं घरात आल्यावर उंबऱ्याबाहेर झाडली, आजी ओरडल्या, हे ती अजून सांगते.

अडचण अशी की वाळूत वॉकर रुततो, काठीही रुतते. गेल्या वर्षी एका किनाऱ्यावर नेलं होतं. पार्किंगपासून पाणी दीडशे पावलं लांब, मध्ये स्टॉलच्या ताडपत्र्या. ती गाडीत बसून राहिली. समुद्राचा नुसता आवाज आला. परतताना घाट चढेपर्यंत काही बोलली नाही, आणि मला ते फार लागलं.

तर मला मधली जागा हवी आहे. रस्ता संपून पाणी सुरू होतं तिथली चार पावलं. कोल्हापुरातून एका दिवसात जाऊन येण्यासारखी, घाट कुठलाही चालेल, गाडी मी चालवते. आणि तुमच्याही अशा मधल्या जागा सांगा: घाटमाथा, स्टँड, धक्का, लॉजची पायरी. आपण घाटावरची माणसं समुद्रापेक्षा या जागांतच जास्त वेळ काढतो असं मला वाटतं.

मंगळवारपेठकर
ताई, आईंना घेऊन जाताय हेच लई भारी. रत्नागिरीचा मांडवीचा धक्का बघा. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, खाली पक्कं आहे, वाळूचा प्रश्न नाही. फक्त संध्याकाळी गर्दी असते. दुपारी चारच्या आत गाठा.

घाटवाट
माझी मधली जागा म्हणजे घाटमाथा, त्यात वादच नाही. गगनबावड्याला फाटा फुटतो. एक वाट करूळ घाटानं वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावड्यानं खारेपाटणकडे. २०२४ मध्ये करूळ रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा सगळी रहदारी भुईबावडा आणि फोंडा घाटाकडं वळली. तेव्हा कळलं की हा एक घाट बंद झाला तर आपला समुद्र किती लांब जातो.

घाट उतरताना बदल कुठं होतो हे मी दर वेळी बघत आलोय. ऊस आधी संपतो. मग थंडी संपते. कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. तळाला पोचलं की हवा अंगाला चिकटते, चिऱ्याची कुंपणं दिसायला लागतात आणि पहिली पोफळ दिसते. समुद्र तिथून अजून तासा-दीड तासावर असतो, पण पोरं तिथंच विचारतात, "आला का?" मी म्हणतो, "आला." माझ्या मते तो तिथंच आलेला असतो.

सुमाताई
घाटात लिंबू हुंगायला द्या आईंना. आणि आवळासुपारी जवळ ठेवा. रिकाम्या पोटी घाट उतरू नका.

आनंदी_गवा
आम्ही कायम राधानगरी-दाजीपूर-फोंडा. पहाटे गेलं तर रस्त्याकडेला गवा दिसतो कधी कधी. पोरांना समुद्रापेक्षा गव्याचं कौतुक जास्त. हॉर्न वाजवू नका, दिवे बारीक करा, तो आपला आपण बाजूला होतो.

टाउनहॉल
थोडं विषयांतर करतो, पण खरं तर विषयांतर नाही.

आपल्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडनची कांस्य मूर्ती आहे. वीतभरही उंच नसेल. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन काळातल्या इतर कांस्य वस्तूंबरोबर ती मिळाली. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा देव! सातवाहनांच्या काळात तो गलबतातून किनाऱ्याला उतरला असणार आणि मग बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून एखादा घाट चढून वर आला असणार. राजापूर, खारेपाटण ही जुनी बंदरं आणि आपल्या पेठा यांच्यामध्ये वाटा होत्याच. अणुस्कुरा घाटात जुन्या फरसबंदीचे तुकडे आजही पायाखाली लागतात.

म्हणून घाटाला मी नुसता रस्ता म्हणत नाही. तुम्ही आईंना ज्या वाटेनं खाली नेणार, त्याच वाटांनी समुद्र दोन हजार वर्षं वर येतोय. पूर्वी मीठ यायचं, आता रात्री बर्फातली मासळी येते. ताई, रंकाळ्याच्या आधी एकदा आईंना ती मूर्ती दाखवा. काचेच्या अगदी जवळ उभं राहून बघता येते.

संध्यामठ
@टाउनहॉल, इतकी वर्षं त्या बागेवरून जातेय, हे माहीत नव्हतं. उद्याच नेते.
@घाटवाट, कानाच्या दड्यांचं वाचून आई हसली. तिला मी सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवतेय.

देवबागकर
नमस्कार, मी देवबागचा. तुम्ही लोक ज्याला बीच म्हणता त्याला आम्ही पुळण म्हणतो. पुळणीचे दोन भाग असतात. वरचा कोरडा, पाय रुततो तो. खालचा ओला, घट्ट, त्यावर सायकलसुद्धा चालते. आईंना अडचण कोरड्या भागाची आहे, ओल्याची नाही. म्हणजे भरती असेल तेव्हा कोरडी पट्टी लहान होते आणि पाणी त्यांच्याकडे येतं. ओहोटीला आलात तर पाणी लांब गेलेलं असतं. गेल्या वर्षी तुमचं बहुतेक तेच झालं.

वेळ काढायचा सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराला ओहोटी. तृतीया असेल तर सव्वादोन. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईचा, आमच्याकडं पाणी थोडं आधी चढतं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी.

इकडं यायचं ठरलं तर कळवा. कर्लीच्या मुखाशी, जिथं नदी आणि समुद्र एक होतात, तिथं एका बाजूला गोडं आणि एका बाजूला खारं असं दोन्ही दिसतं. येवा जरूर.

उभामारुती
तिथी गुणिले पाऊण! आमचे आजोबा व्याजाचा हिशेब असा तोंडी करायचे. दादा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

अमृता_कसबाबावडा
मधल्या जागांचं बोलताय तर बाईमाणसाच्या मधल्या जागेबद्दलही बोलू. समुद्रातून बाहेर आल्यावर ओले कपडे कुठं बदलायचे? दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी बारा वर्षांची होती. एका किनाऱ्यावर कपडे बदलायची खोली होती, तिला कडी नव्हती. मी आणि माझ्या जावेनं साडी धरून आडोसा केला. बाहेर पुरुषांची रांग. मुलगी रडली आणि त्यानंतर पाण्यात जायचं नाही म्हणाली.

आणि लॉज. सकाळी नऊला खोली सोडायची, गाडी संध्याकाळी पाचला. मधले आठ तास तुम्ही कुठलेच नसता. सामान घेऊन पायरीवर बसलो होतो, कडेवर भाचा. मालकांना म्हटलं फक्त बाथरूम वापरू द्या, तर नाही म्हणाले. त्याच गावात खानावळ चालवणाऱ्या एका मावशींनी न विचारता मागचं दार उघडून दिलं. "पोरगीला न्हाऊ दे," एवढंच बोलल्या. तिथं आजही जेवायला जातो.

संध्यामठताई, तुम्ही जिथं जाल तिथं आधी स्वच्छतागृह विचारा, कमोड आहे का विचारा. समुद्र किती जवळ हे नंतर.

संध्यामठ
अमृता, अगदी खरं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा सगळा प्रवास त्या एका प्रश्नावर ठरतो. मी फोन करूनच निघणार. मुलगी आता जाते का पाण्यात?

अमृता_कसबाबावडा
यंदा गेली. गुडघ्यापर्यंत.

पन्हाळ्याचा_वारा
गुडघ्यापर्यंत म्हणालात म्हणून हे लिहितो. आमच्या कॉलेजच्या गटातला एक मित्र अशाच गुडघाभर पाण्यातून गेला. गावाचं नाव लिहीत नाही. सगळे हसत होतो, कुणालाच कळलं नाही.

लाटा पाणी किनाऱ्याला आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथं खोलगट भाग असतो तिथून ते जोरात आत ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तो भाग शांत दिसतो आणि माणूस नेमका तिथंच उतरतो. आपण कोल्हापूरचे, पंचगंगेत नाहीतर विहिरीत पोहायला शिकलेलो. आपल्याला वाटतं येतंय की पोहायला. पण त्या ओढीविरुद्ध हात मारत राहिलं की दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढीच्या बाहेर पडायचं, मग वळायचं. आणि गणपतीपुळ्याला पाण्यात जाऊच नका, तिथं पाट्या लावल्यात त्या उगाच नाहीत.

समुद्र आणि जमीन यांच्या मधली जागा मला आवडते, पण तिची भीतीही वाटते. पोरांना हे शिकवा.

मंगळवारपेठकर
भावा, वाचून पोटात गोळा आला. हे शाळेच्या सहलीआधी प्रत्येक वर्गात सांगायला पाहिजे.

राजारामपुरी_अभियंता
मूळ प्रश्नाकडे वळतो. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक किनाऱ्यावर रस्त्यापासून पाण्यापर्यंत सिमेंटची पक्की वाट हवी. वॉकर, व्हीलचेअर, लहान मुलांची गाडी, सगळं जाईल. एवढं पर्यटन वाढलंय, मग म्हाताऱ्या माणसानं ताडपत्र्या का बघायच्या?

घाटवाट
दादा, कळकळ समजली, पण सिमेंट नको. १९९१ साली सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणारी अधिसूचना निघाली ती याच पट्टीसाठी. भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्या मधला भाग सर्वांत नाजूक गटात येतो. तो कुणाच्या मालकीचा नाही, म्हणजे सगळ्यांचा आहे. आज वाट, उद्या तिच्याकडेला पक्का स्टॉल, परवा भिंत. आणि भिंतीवर लाट आपटली की समोरची वाळू खरवडून जाते. पुळणच राहत नाही.

देवबागकर
आणि कासवं. ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात रात्री पुळणीवर चढतात, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून अंडी घालतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात आणि पाण्याकडं चालायला लागतात. वेळासला, आमच्याकडे वायंगणीला गावकरी घरटी राखतात. माणसाच्या आधीपासून ही मधली जागा त्यांची आहे. तिथं काँक्रीट टाकून कसं चालेल?

पण म्हातारी माणसं यायलाच हवीत. आमची आजी शेवटची चार वर्षं पुळणीवर आली नाही, आणि ती तर इथलीच. आम्ही काथ्याची जाड चटई टाकायचो, तिच्यावरून खुर्ची उचलून न्यायचो. तशा गुंडाळता येणाऱ्या चटया किनाऱ्यावर ठेवल्या तर? सकाळी अंथरायच्या, संध्याकाळी उचलायच्या.

राजारामपुरी_अभियंता
चटईचं पटलं. सिमेंटचं मागे घेतो. पण कुणीतरी रोज अंथरायला पाहिजे, त्यासाठी ग्रामपंचायतीनं माणूस नेमला पाहिजे. खर्च फार नाही. वाहनतळाच्या पैशातून सहज निघेल.

सुमाताई
आरे-वारे कुणी सुचवलं नाही अजून? रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्यानं जाणारा रस्ता. डोंगराच्या कडेनं जातो आणि खाली समुद्र पसरलेला. गाडीतून उतरायचीही गरज नाही. मी सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी काच खाली करून हात जोडले.

संध्यामठ
सुमाताई, हे छान आहे. पण वरून दिसतो तो. आईला पाणी जवळ हवंय. काल विचारलं तर म्हणाली, "फोटोत असतो तसा नको."

कागल_नाका
मग फेरीबोट!

ताई, जयगड ते तवसाळ. गणपतीपुळ्याच्या पुढं वीसेक किलोमीटरवर जयगड. शास्त्री नदीची खाडी तिथं समुद्राला मिळते आणि फेरीबोट गाड्यांसकट पलीकडं नेते. आईंना गाडीतून उतरवायचंच नाही. गाडी बोटीवर, बोट पाण्यावर, काच खाली. दहा-पंधरा मिनिटं चारी बाजूंनी पाणी. धक्का उताराचा असतो, त्यामुळे भरती असो की ओहोटी, बोट लागते. पलीकडं जायचं आणि पुढच्या फेरीनं परत यायचं. जाण्याचं काम नसताना नुसतं मधल्या वाटेसाठी जायचं.

माझे वडील ट्रक चालवायचे. फेरीवर गाडी लागली की इंजिन बंद करून ते स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढायचे आणि मांडीवर ठेवायचे. आयुष्यात गाडीत बसून हात रिकामे असलेली त्यांची तेवढीच जागा. मी लहान होतो, शेजारी बसायचो. ते हात मला अजून दिसतात.

अमृता_कसबाबावडा
दादा, काय लिहिलंत. डोळे भरून आले.

उभामारुती
तेरेखोल ते केरी पण आहे की. गोव्याच्या हद्दीतली. पण एका दिवसात जाऊन येऊन आईंना दमणूक होईल. जयगडच बरं.

देवबागकर
जयगडला जाणार असाल तर चतुर्दशी किंवा पौर्णिमा धरा. सकाळी दहाच्या आसपास पाणी वर असतं. बोट धक्क्यावर जास्त वर येते, उतार कमी लागतो, गाडीला हिसका बसत नाही. आणि पहिल्या रांगेत लावू द्या म्हणून खलाशाला सांगा. आजारी माणूस आहे म्हटलं की देतात.

संध्यामठ
ठरलं. चतुर्दशीला निघतोय. कागल_नाका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. म्हणाली, "त्या पोराला सांग, येते म्हणून."

*(नऊ दिवसांनी)*

संध्यामठ
जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण ही सहल तुम्ही सगळ्यांनी काढून दिली.

पहाटे पाचला निघालो, आंबा घाटाच्या माथ्यावर उजाडलं. थांबलो. आईला उतरवलं नाही, दार उघडून पाय बाहेर सोडून बसली, थर्मासमधला चहा प्यायली. लिंबाची गरज लागली नाही. कानाला दडे बसले तेव्हा म्हणाली, "बघ, घाटवाट म्हणतात ते." साखरप्याला फोन करून ठरवलेल्या ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय झाली. कमोड होता, स्वच्छ होता.

साडेनऊला जयगड. पाणी चढलेलं. धक्क्याच्या उतारावर ओलं शेवाळ होतं, त्याच्या वरपर्यंत पाणी आलेलं. खलाशाला सांगितलं, त्यानं आमची गाडी सगळ्यात पुढं, फळीच्या तोंडाशी घेतली. साखळ्या खडखडल्या, फळी उचलली, पण पूर्ण उभी नाही केली. तिच्या वरून समोर नुसतं पाणी. आईनं काच खाली केली. वारा आला आणि तिचा पदर माझ्या तोंडावर. ती बाहेर बघत होती, मी तिच्याकडं बघत होते. मध्यावर बोटीनं वळण घेतलं तेव्हा एक लाट फळीला लागली आणि शिंतोडे आत आले. बॉनेटवर, काचेवर, आईच्या चष्म्यावर, हातावर. तिनं हाताला जीभ लावली. "खारट आहे," म्हणाली. मग पुन्हा लावली.

तवसाळला न उतरता परत आलो, आणि मग अजून एकदा गेलो. तिसऱ्यांदा खलाशी म्हणाला, "आजी, इथंच राहताय का?" ती म्हणाली, "ठेवून घेताय का?"

मी पण इंजिन बंद केल्यावर स्टिअरिंगवरून हात काढले. कागल_नाका, तुमच्या वडिलांची आठवण काढून काढले.

परतताना मालगुंडजवळ पाच मिनिटं थांबले. एकटी वाळूपर्यंत गेले, तळपायाला लागलेली वाळू तशीच घेऊन गाडीत बसले. घरी आल्यावर आईनं गाडीतला रबरी पायपोस उचलायला लावला, उंबऱ्याशी धरायला लावला आणि स्वतः काठीनं दोनदा आपटला. वाळू पडली. आजी असत्या तर पुन्हा ओरडल्या असत्या.

कागल_नाका
ताई, वडिलांच्या फोटोपाशी बसून वाचलं. एवढंच सांगतो.

टाउनहॉल
मूर्ती बघितली का आईंनी?

संध्यामठ
बघितली, जायच्या आधीच. म्हणाली, "एवढासा आहे, पण एवढ्या लांबून आलाय." आता तिला गगनबावड्याच्या स्टँडवर चहा प्यायचा आहे, १९७१ सारखा. घाट उतरायचा नाही, तिथंच बसायचं आणि परत यायचं म्हणते. पाठ टेकायला बाक आहे का तिथं? अलीकडं कुणी गेलंय का?

उभामारुती
उद्या सकाळच्या गाडीनं बावड्याला निघालोय ताई. बाक बघतो, किती उंच आहे तेही मोजून सांगतो.